बहात्तर गावांची हजेरी

दादरा आणि नगर हवेलीत सिल्वासाहून खानवेलच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात राखोली लागते. दोन्ही हातांना कारखान्यांच्या भिंती, जवळच दमणगंगा. सकाळी सातच्या सुमाराला या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहावं. कारखान्यांची रात्रपाळी सुटलेली असते. हँडलला डबे लटकवलेल्या सायकली, रिक्षांत दाटीवाटीने बसलेले तरुण, जागरणाने तारवटलेले डोळे. त्याच वेळी गणवेशातली पोरं शाळेकडे निघालेली असतात. एकमेकांशी ती हिंदीत बोलतात, पण भांडण जुंपलं की प्रत्येक जण आपापल्या घरच्या बोलीत शिरतो. कुणी वारली, कुणी गुजराती, कुणी भोजपुरी, कुणी उडिया, तर कुणी खानदेशातून आलेल्या बापाची अहिराणी.

या रस्त्यावरून शाळेकडे जाणारं मूल दिसणं ही किती नवी गोष्ट आहे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. दादरा आणि नगर हवेली म्हटलं की मराठी वाचकाला १९५४चा मुक्तिसंग्राम आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण त्या मुलखात माणूस राहतो, त्याला मुलं होतात, ती मुलं कुठे शिकली, कधी शिकली, कुणाच्या भाषेत शिकली, हा इतिहास आपण फारसा विचारलेला नाही. माझ्या मते या प्रदेशाचा खरा इतिहास तोच आहे.

सुरुवात मात्र पुण्यातूनच करावी लागते. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं ‘सांताना’ नावाचं जहाज पकडलं. त्याची भरपाई आणि दोस्ती, अशा दोन्ही कारणांनी पेशव्यांनी १७७९च्या तहात पोर्तुगीजांना दमणच्या बाजूच्या गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल देऊ केला. प्रत्यक्षात नगर हवेलीची गावं त्यांच्या हाती पडली ती १७८३मध्ये. दादरा त्यांनी १७८५मध्ये विकत घेतलं. एकूण गावं बहात्तर. तहात रुपयांचा आकडा आहे. त्या बहात्तर गावांत माणसं किती, ती कोण, त्यांचं पोट कशावर, याची तहाला गरज नव्हती. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी, दुबळा अशा लोकांनी भरलेला तो जंगलमुलूख एका सरदारी हिशेबातून दुसऱ्या हिशेबात गेला.

पोर्तुगीजांनी या मुलखाचे ‘पटेलाद’ पाडले, म्हणजे वसुलीसाठी गावांचे गट. राखोली हाही असाच एक पटेलाद. १८८५ साली सिल्वासाला मुख्य ठाणं झालं. पुढे १९१९मध्ये जमिनीचा नवा कायदा आला आणि ‘अल्वारा’ पद्धतीने मोठमोठ्या जमिनी ठरावीक सारा भरण्याच्या अटीवर वाटल्या गेल्या. घेणारे बहुतेक बिगरआदिवासी. ज्याने जंगल तोडून शेत केलं तो आपल्याच शेतावर कूळ, नाहीतर गडी झाला. या काळातल्या कागदांत वारली माणूस सापडतो तो देणेकरी म्हणून: अमक्याकडून इतकी वसुली, तमक्याकडे इतकी बाकी. त्याच्या मुलाचं नाव लिहून ठेवावं असं कुठल्याही वसुली कामदाराला वाटण्याचं कारण नव्हतं.

शाळा अगदीच नव्हत्या असं नाही, पण त्या ठाण्याभोवती होत्या आणि ठाण्याच्या माणसांसाठी होत्या. पोर्तुगीज राज्यात वर चढायचं तर पोर्तुगीज भाषा हवी. पणजीला १८५४पासून लिसेव, म्हणजे माध्यमिक विद्यालय होतं, पण पणजी राखोलीच्या पोराला लंडनइतकीच दूर. जवळचं पोर्तुगीज शहर दमण, आणि तिथे जायचं तर मधला इंग्रजांचा मुलूख ओलांडावा लागे. आई-बाप भाताच्या खाचरात, थोरलं पोर गुरांमागे, धाकटं पाठीला बांधलेलं. अशा घराच्या दारात पोर्तुगीज बाराखडी येऊन उभी राहिली असती, तरी तिला पाट द्यायला कुणी मोकळं नव्हतं.

हद्दीच्या पलीकडे, ठाणे जिल्ह्यात, हेच वारली लोक राहत होते. सोयरीक या पाड्यातून त्या पाड्यात, नाचाला वाजणारा तारपा एकच, देव एकच, फक्त सरकार वेगळं. तिथेही हलाखी कमी नव्हती. पण १९४०च्या दशकात तिथे काहीतरी हललं. बाळासाहेब खेरांनी १९४०मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढलं. बोर्डीच्या आचार्य भिसे यांनी या कामात उभा जन्म घातला. मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. १९४५मध्येच ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या.

ताराबाई आणि अनुताई पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे त्यांना जे कळलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. तिथेही मोठी मुलं नसत, कारण ती गुरं घेऊन रानात. मग शाळा कुरणात गेली. गुरं चरत असताना झाडाखाली चालणाऱ्या त्या वर्गाला ‘कुरणशाळा’ हे नाव पडलं. पानं, बिया, शंख-शिंपले, खडे हेच मोजायचं साहित्य. मूल शाळेत येत नाही याचा अर्थ मूल नालायक असा न काढता, शाळा चुकीच्या जागी आहे असा त्यांनी काढला. आजही कुठल्या अधिकाऱ्याने गळतीचा आकडा वाचताना हे एवढं आठवलं, तरी निम्मं काम होईल.

नगर हवेली कोसबाडपासून फार लांब नाही. पण १९५४पर्यंत हद्दीवर पोर्तुगीज चौकी होती. वारा हद्द ओलांडतो, तशी झरीची बातमी ओलांडून आली असेल. ताराबाईंच्या बालवाडीला मात्र तेव्हा तो रस्ता बंद होता.

१९५४चा भाग मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यात. २१ आणि २२ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादराची चौकी घेतली. जुलैच्या अखेरीस नरोली मोकळी झाली. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि पुण्याहून आलेले राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. कम्युनिस्टांची तुकडीही वेगळ्या वाटेने लढत होती. राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. लढ्यासाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाऊन पैसा उभा करून दिला, हेही. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपली माणसं घेऊन खानवेलकडे सरकला आणि ११ ऑगस्टला उधव्याजवळ त्याने हत्यारं खाली ठेवली. ज्या दिशेने तो मागे हटला, त्याच दिशेने आज राखोलीवरून शाळेच्या बसगाड्या जातात.

त्यानंतरची सात वर्षं मात्र फारशी सांगितली जात नाहीत. ११ ऑगस्ट १९६१पर्यंत हा प्रदेश कायद्याने भारताचा नव्हता. पोर्तुगाल गेलं होतं, भारताने अजून सामावून घेतलं नव्हतं, कारण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालने डिसेंबर १९५५मध्ये दावा लावला होता. कारभार वरिष्ठ पंचायत चालवत होती. आप्पासाहेब करमळकर आणि पुढे पोर्तुगीज नोकरी सोडून आलेले आंतोनियो फुर्तादो यांनी प्रशासक म्हणून काम पाहिलं. पोलीस, जंगल, महसूल, दवाखाना, शाळा, सगळा संसार नव्याने मांडायचा, आणि तोही डोक्यावर कुठलाच झेंडा कायमचा ठरलेला नसताना. त्या लोकांचं हे काम लढाईपेक्षा कमी धाडसाचं नव्हतं.

हेगमध्ये वाद निघाला तो आपल्या ओळखीच्या एका शब्दावर: सरंजाम. पेशव्यांनी दिलं ते राज्य दिलं की नुसता वसूल दिला? १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की मराठ्यांचं देणं वसुलीपुरतं होतं, सार्वभौमत्वाचं नव्हतं. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता मान्य होत गेली, हेही नोंदवलं. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल भारतीय मुलखातून नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, फौज आणि हत्यारं नेण्याचा नव्हता, आणि १९५४मध्ये भारताने काही वावगं केलं नाही, असा तो निकाल. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या सनदा आणि तहाची कलमं जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात शब्दाशब्दाने तपासली गेली. ज्यांच्या घामाचा तो बारा हजारांचा वसूल होता, त्यांतल्या एकाचंही नाव त्या कागदांत नव्हतं.

१९६१मध्ये घटनेची दहावी दुरुस्ती झाली. करारावर सही करायला कुणीतरी ‘देशाचा प्रमुख’ हवा म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला या चिमुकल्या प्रदेशाचा पंतप्रधान केलं गेलं आणि नगर हवेली भारताची झाली. १९६२च्या मोजणीत लोकसंख्या भरली ५७,९६३. क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर. एखाद्या मध्यम तालुक्याएवढा हा मुलूख. त्यात गावोगावी शाळा उघडत गेल्या. कुठे कौलारू खोली, कुठे कुडाच्या भिंती, कुठे पाटलाची ओसरी.

या शाळांतली एक वस्तू जवळून बघण्यासारखी आहे. मराठी शाळेत तिला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात, गुजराती शाळेत वयपत्रक. जाड पुठ्ठ्याची, आडव्या पानांची वही. रकाने ठरलेले: अनुक्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख आकड्यांत आणि पुन्हा अक्षरांत, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. शाई जांभळट पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या.

या पट्ट्यातल्या अशा वहीत जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचत गेलं की १ जून, १ जून, १ जून असं येत राहतं. आई-बापाला तारीख सांगता येत नसे. ‘लावणीच्या दिवसांत झाला’, ‘मोठ्या पुराच्या साली झाली’ एवढंच सांगत. मग गुरुजी पोराचे दात बघत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत, आणि सहा वर्षं मागे मोजून १ जून लिहीत. नावाच्या रकान्यात सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. जन्माचा वार तेवढा घरच्यांना पक्का आठवत होता. शाळा सोडण्याचं कारण मात्र साल बदललं तरी बदलत नाही: ‘सतत गैरहजर’. त्या दोन शब्दांमागे अनेकदा वीटभट्टी असते. दिवाळी झाली की कुटुंबं पोरांसकट भट्टीवर जातात आणि होळीला, नाहीतर थेट पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्गाचं वर्ष जूनला सुरू होतं, पोटाचं वर्ष कार्तिकात. ही दोन पंचांगं जुळवण्यासाठी वसतिगृहं आणि आश्रमशाळा लागल्या, आणि ज्या मुली शिकून निघाल्या त्यांतल्या बऱ्याच या वसतिगृहांच्या आधारानेच निघाल्या.

मला ही वही महत्त्वाची वाटते, कारण बहात्तर गावांच्या इतिहासात वारली पोराचं नाव पहिल्यांदा देण्याघेण्याशिवाय लिहिलं गेलं ते बहुतेक इथे. बापाने किती भरलं, किती थकवलं याचा रकाना या वहीत नाही. पोर आलं, एवढ्यासाठी त्याचं नाव लिहिलं गेलं.

मग प्रश्न भाषेचा. नगर हवेलीत उत्तर-पश्चिमेला गुजराती माध्यम रुजलं, आणि खानवेल, दुधनी, मांदोणीकडे, जिथून महाराष्ट्र जवळ आहे, तिथे मराठी शाळाही चालत आल्या. पण वारली मुलाच्या घरी यांतलं कुठलंच जसंच्या तसं बोललं जात नाही. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वारली बोली मराठीच्या कुटुंबात ठेवली. २००१च्या जनगणनेने तिला भिलीच्या गटात टाकलं. १ मे १९६०ला दोन राज्यं झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याची वाटणी झाली, थोडा इकडे, थोडा तिकडे. सगळ्यांनी या बोलीला आपापल्या बाजूला मोजलं. वर्गात मात्र तिला बसायला जागा मिळाली नाही. पहिलीतलं पोर गुरुजींचा प्रश्न समजलाच नाही म्हणून गप्प बसे आणि वहीत शेरा पडे: मंद. ज्या शिक्षकांनी पोरांची बोली शिकून घेतली, त्यांच्या वर्गाला गळती कमी. शिक्षकांशी बोलताना ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला तिच्याबद्दल शंका उरलेली नाही.

सत्तरच्या दशकात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. १९७१च्या जमीन सुधारणा कायद्याने अल्वारा पद्धत रद्द केली आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळण्याची वाट उघडली. दुसरीकडे मधुबन धरणाचं काम सुरू झालं. दमणगंगेचं पाणी दुधनीकडच्या खोऱ्यांत पसरलं, शेतं बुडाली, लोक उठले. तिथे आज होड्या फिरतात आणि पर्यटक फोटो काढतात. पण ज्या पाड्यांच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या, तिथल्या पोरांना शाळेसाठी वळसा पडला किंवा नाव गाठावी लागली. धरणाचं पाणी कुठे गेलं आणि धरणाची गैरसोय कुणाच्या वाट्याला आली, याचा हिशेब अजून प्रामाणिकपणे मांडायचा राहिला आहे.

त्यानंतर कारखाने. पिपरिया, मसाट, खडोली इथे औद्योगिक वसाहती झाल्या, करसवलतीच्या ओढीने मुंबई-सुरतचे उद्योजक आले, आणि पॉलिस्टर सुताच्या धंद्यात सिल्वासाचं नाव देशभर झालं. वस्ती कशी फुगली ते आकड्यांत दिसतं: १९९१मध्ये १ लाख ३८ हजार, २००१मध्ये २ लाख २० हजार, २०११मध्ये ३ लाख ४३ हजार. राखोली २०११च्या मोजणीत गाव राहिली नाही, तिची गणना शहरांत झाली. दर हजार पुरुषांमागे बायका १९९१ला ९५२ होत्या, त्या २०११ला ७७४वर आल्या. म्हणजे आधी पुरुष एकेकटे आले, चाळीत दहाजण मिळून राहिले. मग काहींनी बायको-मुलांना आणलं, आणि राखोली, सायली, मसाट, कराडच्या शाळांच्या दारात एक नवंच मूल येऊन उभं राहिलं, ज्याच्या घरची भाषा या मुलखात कुणीच बोलत नव्हतं. आदिवासींचं प्रमाण याच वीस वर्षांत ७९ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आलं. आपल्याच गावच्या शाळेत वारली पोर आता अनेकांतलं एक झालं.

साक्षरतेचे आकडे सांगितलेच पाहिजेत, कारण त्यांत अनेकांचे कष्ट आहेत. १९७१ला एकूण लोकसंख्येच्या जेमतेम १५ टक्के लोकांना लिहिता-वाचता येत होतं. पुढे मोजणी सात वर्षांवरच्यांची होऊ लागली. त्या हिशेबाने १९९१ला ४०.७१ टक्के, २००१ला ५७.६३, २०११ला ७६.२४. बायकांचं प्रमाण १९९१ला २६.९८ होतं, ते वीस वर्षांत ६४.३२ झालं. चारातली एक वाचणारी बाई तीनांतल्या दोघींवर आली. कुठल्याही मोठ्या घोषणेपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. आता सिल्वासात वैद्यकीय महाविद्यालय आहे, राखोलीशेजारी कराडला तंत्रनिकेतन आहे. दमणच्या वाटेवरची चौकी गेली आणि २६ जानेवारी २०२०पासून दमण, दीव आणि ही हवेली पुन्हा एकाच कारभारात आली.

त्याच वेळी मराठी वर्ग आक्रसत चालले आहेत. पालकांना इंग्रजी हवं आहे आणि त्यांना दोष देण्याचा मला हक्क नाही. कारखान्याच्या फाटकावर कोणती भाषा विचारली जाते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण पहिली-दुसरीची दोन वर्षं तरी पोराच्या बोलीतून सुरुवात व्हावी, मग ती वारली असो की भोजपुरी, ही कोसबाडच्या टेकडीवरच्या धड्याचीच पुढची पायरी आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पाड्यावरची दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी मदतनीस म्हणून वर्गात असली तरी पुरतं.

आणि एक विनंती. शाळा एकमेकींत मिसळल्या जात आहेत, जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत. त्या हलवाहलवीत दाखल-खारीजच्या जुन्या वह्या रद्दीत जातात, पावसात भिजतात. दाखला काढायला कुणी आलं तरच त्यांची आठवण होते. खानवेल, दुधनी, रांधा, राखोली, नरोली, कुठल्याही शाळेत तुम्ही मुख्याध्यापक असाल, कारकून असाल, किंवा तिथे शिकून बाहेर पडला असाल, तर त्या वह्या शोधा, कोरड्या जागी ठेवा आणि पानापानाचे फोटो काढून घ्या. बहात्तर गावांची हजेरी त्यांत आहे, आणि तिची दुसरी प्रत कुठे नाही.